रिकामा धोटा

पवनीच्या कोष्टीपुऱ्यातल्या बायकांना भांडायचं असलं की त्या वेशीबाहेर जात, असं सेवकराम हेडाऊ सांगायचा. गल्लीत भांडून उपयोग नव्हता. ऐकू कुणाला येणार? प्रत्येक घरात दोन-तीन माग, आणि सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत सगळे एकदम चालू. तो आवाज भिंतीतून यायचा, जोत्यातून यायचा, जेवायला बसलं की वरणाच्या वाटीत बारीक लाटा उठायच्या. सेवकरामचं लग्न झालं आणि विमला मोहाडीहून या घरात आली, तेव्हा पहिले आठ दिवस तिचं डोकं ठणकत होतं. नवव्या दिवशी गल्लीत कुणीतरी म्हातारं माणूस गेलं म्हणून सगळे माग थांबले. त्या दुपारी ती उगाच घरभर फिरत राहिली, आणि सासूला म्हणाली, "माय, मले कसंतरीच होऊन राहिलं."

त्याला पन्नास वर्षं होत आली. सेवकराम आता एकाहत्तरचा आहे. गल्लीत माग एकच उरला होता, तो त्याचा. बाकीचे एकेक करून गेले. कुणाची पोरं नागपूरला गेली, कुणी मागाचा खड्डा बुजवून तिथे किराणा टाकला. शेजारचा जागेश्वर शेवटपर्यंत टिकला होता. तो वारला, त्याच्या बायकोने मागाची लाकडं पावसाळ्यात चुलीत घातली, आणि त्या धुराचा वास आठ दिवस सेवकरामच्या घरात येत राहिला. जुनं सागवान, वर्षानुवर्षं खळ आणि तेल प्यालेलं. विमला नाकाला पदर लावून बसायची.

विमलाला तोवर दिसेनासं झालं होतं. काचबिंदू. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिली आणि सांगितलं की यायला उशीर झाला. उशीर झाला हे तिलाही ठाऊक होतं. दोन वर्षं ती धाग्याची टोकं अंदाजानेच सांधत होती, पण घरात कुणाला बोलली नव्हती. तिची बोटं इतकी तरबेज होती की कापडावरून कुणाला कळलंही नाही. नव्या ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, अठराशे धागे जुन्या ताण्याच्या अठराशे टोकांना एकेक करून पिळायचे, हे तिचं काम. पाजण करायची ती वेगळीच. भल्या पहाटे गल्लीभर ताणा पसरायचा, दोन्ही टोकांना माणसं, मध्ये कुंचे घेऊन बायका, आणि उन्हं तापायच्या आत तांदळाची खळ त्या सुतात जिरवायची. त्या आंबूस वासाने पवनीची सकाळ व्हायची.

डोळे गेल्यावर विमला घरात बसून राहिली नाही. रोज संध्याकाळी ती सेवकरामचा कोपर धरून बाहेर पडे. तो बोलका नव्हता, त्यामुळे काय दिसतं ते तिला सांगत नसे, आणि ती विचारतही नसे. ती आपली आपण गाव ओळखत जाई. किल्ल्याच्या दरवाजाखाली आलं की दगडाचा गारवा कपाळाला लागे, तिथे ती क्षणभर थांबे. परकोटाच्या कडेने जाताना पायाखाली जुन्या विटांचे तुकडे येत. हातभर लांबीच्या, जड विटा. सेवकराम शाळेत होता तेव्हा टेकडीवर खोदकाम झालं होतं आणि मातीखालून दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप निघाला होता. शाळा बुडवून तो तिथे टोपल्या वाहायला गेला होता. त्या खोल मातीला पहिल्या दिवशी कसा वास आला होता, हे तो अजून सांगू शकत नाही. एवढंच म्हणतो की तसा वास पुन्हा कुठे आला नाही.

मग बालसमुद्र तलावाच्या बाजूने वैजेश्वर घाट. पायऱ्या उतरताना विमला चप्पल हातात घेई. कुठल्या पायरीला खाच आहे, कुठली मधोमध झिजून वाटीसारखी झाली आहे, तिला पाठ होतं. पण घाटाच्या शेवटच्या पायरीवर ती हल्ली बसत नव्हती.

"नदी कुठी गेली जी?" एकदा तिने विचारलं होतं.

"हे काय, समोर हाये."

"मंग वास नालीचा काहून येऊन राहिला?"

सेवकरामने पाण्याकडे पाहिलं. हिरवट साय धरलेलं पाणी हलतही नव्हतं. वर धरण झाल्यापासून नदी आपल्या मनाची राहिली नव्हती. सोडली की येई, अडवली की थांबे. "काठाशी थोडी घाण हाये," तो म्हणाला. "मधात चांगली हाये." त्या कार्तिकात विमलाने घाटावरचं स्नान सोडलं.

साधना त्यांच्या घरी आली ती त्याच्या पुढल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर. ती पवनीचीच, पेठेतल्या मास्तरांची मुलगी. नागपूरला नोकरी करायची, चाळिशीची असेल, हसरी आणि मनाने चांगली. तिने एक बेत आखला होता. थंडीतल्या रविवारी नागपूरहून वीस-पंचवीस माणसं बसने आणायची आणि त्यांना पवनी दाखवायची, पण डोळे बांधून. दरवाजाचे दगड हातांनी चाचपायचे, देवळांच्या घंटा ऐकायच्या, बालसमुद्रातले उकडलेले शिंगाडे खायचे.

"आणि काकाजी, कोष्टीपुऱ्यात माग ऐकायचा," ती ओट्यावर बसून म्हणाली. "लहानपणी मी शिकवणीला याच गल्लीतून जायची. हा आवाज जर नाही तर मग पवनी कशाची?"

सेवकराम कानकोंडा झाला. माग गेले सात महिने बंद होता. त्याच्याकडून धोतरं घेणाऱ्या व्यापाऱ्याने सूत देणं थांबवलं होतं, कारण ती धोतरं घेणारी माणसंच उरली नव्हती. मागावर शेवटच्या कामातला दोन-अडीच हात ताणा तसाच शिल्लक होता. आडव्या बाण्याला सूत नव्हतं. आणि असतं तरी दोन हात विणून झाले की काम संपलं.

"विणायचं कशाला?" साधना म्हणाली. "धोटा रिकामाच फेकायचा. आवाज आला म्हणजे झालं."

सेवकराम हो म्हणाला. का म्हणाला, ते त्याने पुढे बरेचदा आठवून पाहिलं. सात महिने पाय नुसते लोंबत होते, हे एक कारण असावं. आणि दुसरं असं की गावच्या मास्तरांची मुलगी घरी येऊन मागत होती.

पहिल्या रविवारी तो आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून खड्ड्यात उतरला. पाय पावड्यांवर ठेवले तेव्हा सरावाने अंगातून बरं वाटलं. त्याने पाय दाबला, ताण्याचे धागे वर-खाली फाकले, त्यातून धोटा सुळकन गेला, आणि सूत ठोकून बसवायची फणी त्याने आपल्याकडे ओढली. खटक. फणीच्या पुढे काहीच नव्हतं. धोट्यात सुताची कांडी नव्हती, त्यामुळे धाग्यांमध्ये काही अडकून राहिलं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा तेच. त्याचे डोळे सवयीने कापड शोधत राहिले.

विमला आतल्या खोलीतून चाचपडत दारापाशी आली. "काहून रिकामा धोटा फेकून राहिले जी?"

"तुले कसं समजलं?"

"हलका पळते. भरल्या धोट्याचा आवाज असा राहते काय?" ती उंबऱ्यावर बसली. "पोट नसल्यासारखा वाजून राहिला."

तेवढ्यात गल्लीत माणसं आली. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवलेली, डोळ्यांवर काळ्या पट्ट्या, पाय जपून टाकणारी रांग. सेवकराम माग चालवत राहिला. माणसं ओट्याशी थांबली, कान देऊन उभी राहिली. एका बाईच्या डोळ्यातून पट्टीखालून पाणी आलं. नंतर पट्ट्या सोडून सगळ्यांनी त्याचे फोटो काढले, हात हातात घेतले. सून रुचिका आत चुलीवर खळ शिजवत होती. ती कशाला लावायची नव्हती. वास यावा म्हणून शिजवायची होती.

असे रविवार होत गेले. गर्दी वाढली. विमलालाही साधनाने त्यात ओढलं. विमला पाटावर बसे, आलेल्या माणसाचा अंगठा धरून सुतावरून फिरवी आणि सांगे, हे जाड, हे बारीक, हे गाठीचं. तिला ते आवडू लागलं होतं. रविवारी सकाळी ती डोक्यावरून न्हाऊन घेई. एका तरुणीने तिला विचारलं, "आजी, आम्ही एका तासात घाबरून गेलो. तुम्ही कसं काढता?" विमला म्हणाली, "तुमाले सोडाची गाठ हाये ना बाई, म्हनून घाबरता. मले नाई, तं मी कायले घाबरू?" कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

सेवकरामचं मात्र काहीतरी बिघडत चाललं होतं. बाणा नसताना फणी नुसती ताण्यावर घासत होती. धाग्यांना लव सुटली, मग एकेक धागा तुटू लागला. सोमवारी तो तुटलेली टोकं सांधत बसे आणि रविवारी ती पुन्हा तुटत. आयुष्यात सूत त्याच्या हातून कमी झालं होतं ते कापड होऊन. आता ते नुसतंच झिजत होतं. मुलगा कुंदन एका गाड्यांच्या दुकानात कामाला जायचा. तो म्हणाला, "बाबा, तुटू द्या ना. तसाही कुठं कामात येनार हाये तो ताना?" खरंच होतं ते. तरी सोमवारी सेवकराम पुन्हा टोकं सांधायला बसला.

माघातल्या एका रविवारी बस आली, माणसं उतरली, आणि काळ्या पट्ट्यांची पिशवी नागपूरलाच राहिल्याचं साधनाच्या लक्षात आलं. ती धावतपळत सेवकरामच्या घरात शिरली. तो खड्ड्यात उतरून तुटलेले धागे पाहत होता. विमला मागच्या अंगणात केस वाळवत होती. रुचिकाचे दोन्ही हात खळीत बुडालेले.

"रुचिका, जुनं सुती काही आहे का गं? पट्ट्या फाडायच्या आहेत."

"आतल्या पेटीत जुनी धोतरं आहेत, ताई. वरचंवरचं घ्या."

पेटीत वर नेहमी धोतरंच असत. पण आदल्या दिवशी विमलाने पेटी उघडली होती. तळाशी ठेवलेलं आपलं लुगडं तिने काढलं, त्यात नवा कडुलिंबाचा पाला घातला, आणि चाचपून परत ठेवताना ते वर राहिलं.

ते लुगडं सेवकरामने तिच्यासाठी विणलेलं होतं, तिचे डोळे गेल्यानंतर. रंग तिला दिसणार नव्हता म्हणून त्याने रंग घातलाच नाही. अंग कोऱ्या सुताचं आणि काठ टसरचा, करवतीच्या दातांसारखा, बोटाला कळेल असा जरा उठावाचा. तो विणायचा आणि ती बाजूला बसून दर वितीला काठावरून अंगठा फिरवायची. एखादा दात चुकला की सांगायची, आणि तो उसवून पुन्हा विणायचा. अडीच महिने लागले होते. तुळशीच्या लग्नाला ती ते एकदाच नेसली. मग घडी करून ठेवताना म्हणाली होती, "आता हे माह्यासंगच जाईल."

साधनाला यातलं काही माहीत नव्हतं. मळकट पांढरं, कडुलिंबाचा वास मारणारं सुती कापड तिने उचललं, काठ पाहून तिला वाटलं असेल की विणकराच्या घरात जुनेरही असंच असायचं. बाहेर माणसं खोळंबली होती. कात्रीने एकेक टोक कापून तिने आडव्या पट्ट्या टराटर फाडल्या. तो फाडण्याचा आवाज सेवकरामने खड्ड्यात बसून ऐकला. कापड चांगलं आहे, एवढं त्याला आवाजावरून कळलं.

माणसं गाव फिरून तासाभराने गल्लीत आली. सेवकरामने माग सुरू केला होता. रांग दारात आली, पहिला माणूस आत वळला, आणि त्याच्या डोळ्यांवर सेवकरामला आपलं सूत दिसलं. गाठ मारून उरलेलं टोक त्या माणसाच्या खांद्यावर रुळत होतं, आणि टोकाला टसरचे दात होते. मागच्या बाईच्या डोळ्यांवर तेच. तिच्या मागच्या पोराच्या. बावीस माणसं होती. सेवकरामचे हात थांबले नाहीत. पाय दाबला जात होता, धोटा इकडून तिकडे जात होता, फणी बसत होती. आपण थांबलो तर विमला विचारेल काय झालं म्हणून, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. ती पाटावर बसून हसतमुखाने एका बाईचा अंगठा धरत होती.

ती बाई वाकली. तिच्या खांद्यावरचं टोक घसरून विमलाच्या मनगटावर पडलं. विमलाने ते बाजूला सारायला धरलं, आणि तिचा अंगठा काठावर गेला. तो एका दातावरून दुसऱ्या दातावर सरकत टोकापर्यंत गेला, जिथे कापड फाटून दशा निघाल्या होत्या.

"हे काय हाये?" तिने विचारलं.

"डोळ्यांना बांधायला दिलंय, आजी."

"सगळ्यायले?"

"हो, सगळ्यांना. खूप मऊ आहे."

विमलाने हात मांडीवर घेतला. मग मागाच्या दिशेला तोंड करून म्हणाली, "आयकता काय जी? थांबवा आता."

माग थांबला. गल्लीत इतकं शांत झालं की चुलीवरच्या खळीचे बुडबुडे ऐकू आले. सेवकराम खड्ड्यातून हातांवर जोर देऊन वर आला आणि पहिल्या माणसाच्या मागे जाऊन त्याने गाठ सोडली. मग दुसऱ्याची. माणसांना वाटलं हा शेवट आहे, विणकराने स्वतःच्या हाताने डोळे उघडायचे. सुटलेली माणसं कौतुकाने बघू लागली, कुणी मोबाईल काढला. सेवकराम एकेक पट्टी हातावर टाकत पुढे जात होता. साधनाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग विमलाकडे, आणि तिला कळलं.

"काकाजी, मला माहीत नव्हतं हो."

"तुमाले कसं माहीत राहीन?" सेवकराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. साधना नंतर कुंदनला म्हणाली, त्यांनी रागावायला पाहिजे होतं.

ती पळून जाणाऱ्यांतली नव्हती. पुढच्याच आठवड्यात तिने शोधून शोधून तसंच बारीक सूत आणि टसरच्या लडी आणल्या. "काकाजी, तुम्ही काकूंसाठी पुन्हा विणा. कितीही महिने लागू द्या."

सेवकरामने लडी हातात घेतल्या. सूत चांगलं होतं. दोन दिवस तो त्या समोर ठेवून बसला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याने दार उघडून गल्ली पाहिली. ताणा पसरायला साठ हात मोकळी जागा हवी. गल्लीत दोन्ही बाजूंनी मोटारसायकली लावलेल्या होत्या, मध्ये नव्या नालीवरची फरशी वर आलेली. टोकं धरायला दोन माणसं हवीत, कुंचे मारायला चार. जागेश्वर गेला. पुष्पाबाई, जिच्या हाताची पाजण गल्लीत नावाजलेली होती, मुलाकडे नागपूरला राहते आणि तिला माणसं ओळखू येत नाहीत. कुंदनला कुंचा धरता येत नव्हता, कारण सेवकरामनेच त्याला कधी धरू दिला नव्हता. पोराने शिकावं, नोकरी करावी, ही त्याचीच इच्छा. आणि अठराशे टोकं सांधायची कुणी? तो परत आत आला.

"होत नाई," तो विमलाला म्हणाला.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "मले नोकोही हाये. तुमी लडी त्या पोरीले वापस द्या. तिच्या जीवाले लागलं हाये."

बावीस पट्ट्या रुचिकाने जोडून शिवायचं म्हटलं होतं. विमलाने शिवू दिल्या नाहीत. शिवणी बोटाला लागतील, म्हणाली.

त्यानंतर ती घाटाकडे गेली नाही. संध्याकाळी सेवकराम चप्पल घालून दारात उभा राहायचा, आणि ती आतूनच सांगायची, आज पाय दुखतात. काही दिवसांनी त्यानेही चप्पल घालणं सोडलं. चैत्रात कुंदनने खड्डा बुजवला. मुरूम, वर सिमेंट, वर टाइल्स. मागाची लाकडं त्याने चुलीत न घालता माळ्यावर नीट रचून ठेवली, एवढी समज त्याने दाखवली. त्या जागी आता खुर्ची आहे. सेवकराम तिच्यावर बसतो तेव्हा त्याचे तळपाय टाइल्सवर टेकतात, गार लागतात, आणि बोलता बोलता एक वर, एक खाली असे हलत राहतात. रुचिका म्हणते, पाय हलवू नये. मग तो थोडा वेळ आवरतो.

साधनाची रविवारची फेरी मात्र बंद पडली नाही. बंद पाडावी असं सेवकरामने कधी म्हटलंही नव्हतं. यंदा दिवाळीनंतर माणसं पुन्हा यायला लागली. साधना आधी घरी येऊन गेली. म्हणाली, कोष्टीपुरा वगळून चालत नाही, लोक त्यासाठीच येतात. गेल्या वर्षी पहिल्या रविवारी तिने मागाचा आवाज टिपून ठेवला होता, तो लावला तर चालेल का? सेवकरामने मान हलवली. तिने ती होकाराची धरली.

आता रविवारी अकराच्या सुमाराला जागेश्वरच्या पडक्या ओट्यावर एक छोटा स्पीकर ठेवतात. खटक, खटक, खटक. दहा मिनिटं चालतो. सेवकराम खुर्चीत बसून ऐकतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा विमला आतून घाईने उठून आली होती, भिंत धरून, आणि जिथे खड्ड्याचा काठ असायचा तिथे थबकून तिने पायाने जमीन चाचपली. टाइल लागली तशी ती तिथेच उभी राहिली.

"तुमीच होय," ती म्हणाली.

"हो."

"किती वेळ वाजते?"

"होईन बंद आता."

विमला त्याच्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. बाहेर माणसांचे जपून टाकलेले पाय वाजत होते, कुणीतरी हळू आवाजात कुणाला तरी सांगत होतं की ऐका, हीच ती जुनी पवनी. सेवकरामने उठून दार लावून घेतलं. आवाज थोडा कमी झाला.